राजाचं भाषण लिहितं कोण?

डिसेंबर आला की बेळगावात थंडी पडते आणि हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. लॉजवर खोली मिळत नाही. महामार्गावर जागोजागी पोलिस उभे असतात. उसाच्या दरासाठी आलेले शेतकरी, पगारासाठी आलेल्या अंगणवाडी सेविका, असे सगळे तंबू टाकून बसतात. महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे हा मराठी भाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्यांचा महामेळावा आणि त्यावरून पोलिसांशी होणारी ओढाताण हेही आता ठरूनच गेलंय. या गर्दीत चहाच्या गाड्यावर एक वाद हमखास रंगतो. "आमदार निवडून द्यायचे आम्ही, बिल पास करायचं त्यांनी, आणि शेवटी सही राज्यपालांची होय? मग मालक कोण म्हणायचा?"

याचं उत्तर बेंगळूरपेक्षा लंडनला लवकर सापडतं, कारण ही मांडणी आपण तिथूनच उचलली आहे. निवडून आलेलं एक सभागृह, त्या सभागृहाच्या जिवावर टिकणारं मंत्रिमंडळ, आणि सगळ्यांच्या वर एक असा माणूस की ज्याच्या नावाने कारभार चालतो, पण ज्याने आपल्या मनाने काही ठरवायचं नसतं. तिथे तो माणूस राजा आहे. आपल्याकडे दिल्लीत राष्ट्रपती, राज्यात राज्यपाल. राजा असतो, पण राज्य कायद्याने आणि संसदेने चालतं, अशा व्यवस्थेला घटनात्मक राजेशाही म्हणतात. ब्रिटन, जपान, स्वीडन, नॉर्वे, आणि आपल्या शेजारचा भूतान, हे सगळे त्यातलेच.

आणि आपणही एकेकाळी त्यातलेच होतो, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळालं, पण २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्याच्या कागदावर भारताचा राजा सहावा जॉर्जच होता. दिल्लीत नेहरूंचं मंत्रिमंडळ, त्याच्या वर गव्हर्नर जनरल म्हणून आधी माउंटबॅटन आणि मग राजगोपालाचारी, आणि त्यांच्याही वर लंडनचा राजा. बेळगाव, खानापूर, निपाणी हा सगळा मुलूख जवळपास अडीच वर्षं घटनात्मक राजेशाहीत राहिला. कुणाला जाणवलंही नाही, आणि ही व्यवस्था नीट चालत असली तर ते जाणवूही नये.

मुकुट घालून दुसऱ्याचं वाचायचं

ब्रिटनच्या संसदेचं नवं सत्र सुरू होतं तो दिवस बघण्यासारखा असतो. राजा घोड्यांच्या बग्गीतून येतो, मुकुट आणि झगा घालून वरच्या सभागृहातल्या, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या सिंहासनावर बसतो. मग खालच्या सभागृहातल्या, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समधल्या निवडून आलेल्या खासदारांना बोलवायला एक अधिकारी पाठवला जातो. त्या अधिकाऱ्याला ब्लॅक रॉड म्हणतात. तो कॉमन्सच्या दाराशी पोचला की दार त्याच्या तोंडावर धाडकन बंद करतात. मग तो हातातल्या काठीने तीनदा दार ठोठावतो. तेव्हा कुठे दार उघडतं आणि खासदार गप्पा मारत, रमतगमत लॉर्ड्सकडे जातात. तिथे त्यांना बसायला जागा नसते. दाराशी दाटीवाटीने उभं राहून ऐकायचं. त्याच दिवशी सत्ताधारी पक्षाचा एक खासदार राजवाड्यात ओलीस म्हणून ठेवतात, राजा संसदेतून सुखरूप परत येईपर्यंत! आता तो बिचारा तिथे चहा पीत टीव्हीवर सोहळा बघत असणार, पण प्रथा मोडलेली नाही.

मग राजा भाषण वाचतो. "माझं सरकार अमुक कायदा आणेल, माझं सरकार तमुक कर कमी करेल." गंमत अशी की त्या भाषणातला शब्द न् शब्द मंत्र्यांनी लिहिलेला असतो. राजाला एखादी योजना पटो न पटो, त्याने सगळं एकाच सुरात वाचून काढायचं. यंदा मजूर पक्षाच्या योजना वाचल्या आणि निवडणुकीनंतर त्यांच्या नेमक्या उलट असलेल्या हुजूर पक्षाच्या, तरी आवाजात फरक पडता कामा नये.

वाचून राजा निघून जातो आणि खरं काम त्यानंतर सुरू होतं. कॉमन्समध्ये त्या भाषणावर काही दिवस चर्चा होते आणि मतदान होतं. जानेवारी १९२४ मध्ये पाचव्या जॉर्जने असंच एक भाषण वाचलं. सरकार हुजूर पक्षाच्या बाल्डविनचं होतं, पण नुकत्याच झालेल्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालेलं नव्हतं. सभागृहाने त्या भाषणावरच्या मतदानात सरकारला ७२ मतांनी पाडलं. बाल्डविनने राजीनामा दिला आणि रॅम्से मॅकडोनल्ड हा मजूर पक्षाचा पहिला पंतप्रधान झाला. भाषण राजाने वाचलं होतं, पण त्याच्या सिंहासनाला धक्कासुद्धा लागला नाही. घरी गेला तो ते लिहिणारा. ही सगळी व्यवस्था याच एका गोष्टीवर उभी आहे: ज्याच्या हातात निर्णय, त्यालाच सभागृह जबाबदार धरतं, आणि ज्याला जबाबदार धरायचं नाही, त्याच्या हातात निर्णयच ठेवायचा नाही.

आपल्या भागातली लक्ष्मी यात्रा आठवा. देवीच्या ओटीचा, पहिल्या नारळाचा मान हक्कदारांचा. ते पुढे झाल्याशिवाय गाडा हलत नाही. पण घरटी पट्टी किती बसवायची, मंडपाचं काम कुणाला द्यायचं, हिशेबात खोट आली तर कुणाला उभं करायचं, ते सगळं पंच कमिटीच्या गळ्यात. हिशेब चुकला म्हणून हक्कदाराचा मान कुणी काढत नाही, कमिटी मात्र बदलतात. आणि हक्कदार पैशाच्या भानगडीत पडायला लागला तर गाव लगेच कुजबुजतं.

भांडण मुळात पैशाचं

हे कुणी एका बैठकीत बसून ठरवलेलं नाही. शेकडो वर्षं भांडून भांडून ते असं झालं, आणि त्या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा करात होतं. राजाला लढाईला पैसे लागायचे. पैसे सरदारांकडे आणि व्यापाऱ्यांकडे असायचे. ते म्हणायचे, आधी आमच्या तक्रारी ऐका, मग थैली सोडू. १२१५ चा मॅग्ना कार्टा हा त्यातलाच पहिला मोठा करार.

पहिल्या चार्ल्सला हे मान्य नव्हतं. जानेवारी १६४२ मध्ये तो शिपाई घेऊन थेट कॉमन्समध्ये घुसला, पाच खासदारांना पकडायला. ते आधीच निसटले होते. चार्ल्सने स्पीकर लेंथॉलला विचारलं, कुठे आहेत ते? लेंथॉल गुडघ्यावर बसला, पण त्याने उत्तर दिलं ते असं, की या जागेवर असताना हे सभागृह सांगेल तेवढंच मला दिसतं आणि तेवढंच मला बोलता येतं. राजासमोर, शिपायांच्या देखत हे म्हणायला छाती लागते. तेव्हापासून आजतागायत ब्रिटनच्या कोणत्याही राजाने किंवा राणीने कॉमन्सच्या कामकाजात पाऊल टाकलेलं नाही. ब्लॅक रॉडच्या तोंडावर दार बंद करतात ते याचसाठी. चार्ल्सचं पुढे काय झालं ते प्रसिद्ध आहे. यादवी युद्ध झालं आणि १६४९ मध्ये त्याचं डोकं उडवलं. अकरा वर्षं राजाशिवाय काढून लोकांनी त्याच्या मुलाला परत गादीवर बसवलं.

खरा सौदा झाला तो १६८९ मध्ये. आदल्या वर्षी राजा दुसरा जेम्स पळून गेला होता आणि संसदेने विल्यम आणि मेरी या जोडप्याला गादी देऊ केली, पण अटी घालून. संसदेच्या मंजुरीशिवाय कर नाही. संसदेने केलेला कायदा राजाने आपल्या मर्जीने थांबवायचा नाही. शांततेच्या काळात संसदेच्या परवानगीविना फौज बाळगायची नाही. आणि सभागृहात कोण काय बोललं, यासाठी त्याला कोर्टात खेचायचं नाही. फौजेची अट तर आजही जिवंत आहे. ब्रिटनच्या सैन्याचा कायदा संसदेने दर पाच वर्षांनी नव्याने मंजूर करावा लागतो. नाही केला तर सैन्यातली शिस्तच कायद्याबाहेर पडते.

त्यानंतर राजाचा हात हळूहळू सुटत गेला. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला राजसंमती नाकारण्याचा शेवटचा प्रसंग १७०८ मधला, राणी ॲनच्या काळचा. तिच्यानंतर आलेला पहिला जॉर्ज जर्मनीतून आणलेला. त्याला इंग्रजी जेमतेम यायचं आणि इंग्लंडच्या राजकारणात रसही बेताचाच. त्यामुळे मंत्र्यांच्या बैठकांना राजाने बसणं मागे पडलं आणि त्या बैठका रॉबर्ट वॉलपोल चालवायला लागला. पहिला पंतप्रधान म्हणून इतिहास त्याचंच नाव सांगतो, १७२१ पासून.

सरकार सभागृहाच्या पोटातून येतं

आता रोजचं काम कसं चालतं ते बघू. कॉमन्समध्ये ६५० खासदार. ज्याच्यामागे बहुमत आहे त्याला राजा राजवाड्यावर बोलावतो आणि सरकार बनवायला सांगतो. ही राजाची निवड नसते, मतमोजणीचा निकाल तेवढा तो जाहीर करतो. मंत्री संसदेतलेच असतात. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडला जातो आणि तिथल्या संसदेने त्याचं विधेयक फेटाळलं तरी तो चार वर्षं खुर्चीवर बसून राहतो. इथे तसं नाही. सभागृहाने विश्वास काढला की सरकारला राजीनामा तरी द्यावा लागतो, नाहीतर निवडणुकीला सामोरं जावं लागतं.

२८ मार्च १९७९ ला जेम्स कॅलहान यांचं सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं. निवडणूक झाली आणि मार्गारेट थॅचर आल्या. तशीच मतमोजणी आपण घरबसल्या पाहिली आहे. २३ जुलै २०१९ ला बेंगळुरात कुमारस्वामींच्या सरकारला ९९ मतं पडली, विरोधात १०५. त्याआधी कितीतरी दिवस आमदार मुंबईच्या हॉटेलात आणि रोज नवी बातमी, सगळा गोंधळ आपल्याला पाठ आहे. तो तमाशा चांगला होता असं कुणीच म्हणणार नाही. पण शेवट कुठे झाला? राजभवनात नाही, हॉटेलातही नाही. सभागृहात, एकेक डोकं मोजून.

सरकार पाडणं रोज होत नाही. रोज होतं ते प्रश्न विचारणं. लंडनमध्ये दर बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना अर्धा तास उभं राहून उत्तरं द्यावी लागतात. समोर विरोधी पक्षनेता, आणि त्याच्यामागे त्याचं सावलीचं मंत्रिमंडळ, म्हणजे प्रत्येक खात्यासाठी एक टीकाकार आधीच नेमलेला. अधिकृतपणे या विरोधी पक्षालाही राजाचाच विरोधी पक्ष म्हणतात. सरकारवर तुटून पडणारा देशद्रोही ठरत नाही, कारण देशाचं प्रतीक वर वेगळं बसलेलं आहे. मला विचाराल तर राजा ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. सर्वात उंच खुर्ची आधीच भरलेली असते, त्यामुळे कोणत्याही पुढाऱ्याला 'मीच देश' म्हणायची सोय राहत नाही.

कायदा होण्याची वाट मात्र कंटाळवाणी, आणि ती तशीच असावी. पहिलं वाचन नावापुरतं. दुसऱ्या वाचनात विधेयकाचा हेतू योग्य की अयोग्य यावर चर्चा. मग समिती एकेक कलम घेऊन बसते, दुरुस्त्या सुचवते. मग तिसरं वाचन आणि मतदान. मग तेच सगळं लॉर्ड्समध्ये. लॉर्ड्समध्ये कुणी निवडून येत नाही. बहुतेक जण तहहयात नेमलेले असतात, २६ चर्चचे बिशप असतात. वंशपरंपरेने बसणारे उमराव पूर्वी शेकड्यांनी होते, १९९९ च्या कायद्याने त्यातले ९२ सोडून बाकीच्यांना बाहेर काढलं. निवडून न आलेल्यांनी निवडून आलेल्यांना किती अडवावं, यावरून १९११ मध्ये मोठा झगडा झाला. त्यातून ठरलं की पैशाचं विधेयक लॉर्ड्स फार तर एक महिना रोखू शकतात. बाकीच्या विधेयकांची मुदत १९४९ मध्ये आणखी कमी झाली, ती आता साधारण वर्षभराची.

आपल्या राज्याचं गणित याच नमुन्यावरचं. कर्नाटक विधानसभा २२४ जणांची, विधान परिषद ७५ जणांची. परिषद असलेली राज्यं देशात सहाच, त्यातलं कर्नाटक एक आणि महाराष्ट्र दुसरं. आपली परिषद लॉर्ड्सपेक्षाही दुबळी. पैशाचं विधेयक तिने चौदा दिवसांत परत करायचं. बाकीचं विधेयक ती पहिल्या खेपेला तीन महिने आणि दुसऱ्या खेपेला एक महिना अडवू शकते. त्यानंतर विधानसभेचंच म्हणणं खरं.

मग राजा करतो काय?

अगदीच काही नाही, असं नाही. परंपरेने राजाला तीन हक्क आहेत. सल्ला विचारला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि सावध करण्याचा. पंतप्रधान दर आठवड्याला राजाला भेटतात. खोलीत दोघंच, टिपणं घेणारं कुणी नाही, आणि तिथलं बोलणं बाहेर येत नाही. दुसरी एलिझाबेथ सत्तर वर्षं गादीवर होती. चर्चिलपासून लिझ ट्रसपर्यंत पंधरा पंतप्रधान तिने पाहिले. इतकं पाहिलेल्या माणसाने नुसतं "याचा नीट विचार केलाय ना?" एवढं विचारलं, तरी समोरचा पुन्हा एकदा कागद उलटून बघणारच. पण पंतप्रधानाने ऐकलंच नाही, तर राजाने गप्प बसायचं.

हे गप्प बसणं किती ताणलं जाऊ शकतं ते २०१९ मध्ये दिसलं. ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याची घाई होती. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी राणीला सल्ला दिला की संसद पाच आठवडे स्थगित करा. राणीने सल्ला मानला, कारण न मानणं हीच तिची ढवळाढवळ ठरली असती. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २४ सप्टेंबर २०१९ ला अकरा न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हा सल्लाच बेकायदेशीर होता, म्हणून स्थगिती झालीच नाही असं समजा. दुसऱ्याच दिवशी संसद भरली. ठपका राणीवर आला नाही, सल्ला देणाऱ्यावर आला.

बेल्जियममध्ये १९९० साली याहून विचित्र पेच पडला. संसदेने गर्भपाताचा कायदा मंजूर केला. राजा बोद्वँ कट्टर कॅथलिक. तो म्हणाला, माझं मन हे मान्य करत नाही, मी सही करणार नाही. मंत्रिमंडळाने घटनेतला राजा काम करण्यास असमर्थ असेल तेव्हाचा नियम काढला, राजाला असमर्थ जाहीर केलं, त्याच्या वतीने स्वतः सही केली, आणि एक-दोन दिवसांत संसदेने राजाला पुन्हा समर्थ ठरवून कामावर घेतलं. राजाची सद्सद्विवेकबुद्धीही राहिली, कायदाही झाला. हसू येतं खरं, पण कुणाचं डोकं उडवण्यापेक्षा हे बरं.

सगळीकडे इतकं निभावून जात नाही. ऑस्ट्रेलियाचाही राजा किंवा राणी ब्रिटनचीच, आणि तिथे तिच्या वतीने गव्हर्नर जनरल बसतो. ११ नोव्हेंबर १९७५ ला गव्हर्नर जनरल जॉन केर यांनी पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांना थेट काढून टाकलं. वरच्या सभागृहाने पैसा अडवून धरला होता, पण खालच्या सभागृहात व्हिटलॅम यांचं बहुमत शाबूत होतं. या एका सहीवर तिथे आजही वाद होतो. स्वीडनने असा वाद होण्याचं कारणच काढून टाकलंय. १९७४ च्या घटनेने पंतप्रधान सुचवण्याचं काम संसदेच्या स्पीकरकडे दिलं आणि कायद्यावर राजाची सहीच ठेवली नाही. भूतानची २००८ ची घटना तर राजाला पासष्टाव्या वर्षी निवृत्त व्हायला सांगते.

आपले राज्यपाल

चहाच्या गाड्यावरच्या प्रश्नाकडे येऊ. राज्यपाल राजाच्या जागी आहेत, पण राजासारखे नाहीत, आणि गाडी अडते ती इथेच. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात राज्यपालही 'माझं सरकार' म्हणत मंत्रिमंडळाने लिहिलेलं भाषण वाचतात. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या राज्यपालांनी त्यातला काही मजकूर गाळला, मुख्यमंत्र्यांनी तिथेच हरकत घेतली आणि राज्यपाल सभागृहातून निघून गेले. लंडनमध्ये हे स्वप्नातही होणार नाही. तिथले आजचे राजे तिसरे चार्ल्स चांगले आणि आपले राज्यपाल वाईट, म्हणून नाही. राजाला कुणी नेमलेलं नसतं आणि कुणाला खूश ठेवायचं नसतं. राज्यपालांना दिल्लीचं सरकार नेमतं आणि मर्जी संपली की बदलतं. राज्यात एका पक्षाचं सरकार, दिल्लीत दुसऱ्याचं, आणि मध्ये हा माणूस. जन्माने मिळालेली गादी मला अजिबात पटत नाही, पण तटस्थपणाच्या बाबतीत तीच गादी आपल्या नेमणुकीपेक्षा सरस ठरते, हे कबूल करावं लागतं.

या दुखण्यावरचं सगळ्यात मोठं औषध आपल्याच शेजारच्या हुबळीच्या आमदारामुळे मिळालं. १९८९ मध्ये एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री होते. काही आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे पोचली. बोम्मई म्हणत होते, सभागृह बोलवा, मी बहुमत सिद्ध करतो. ती संधी न देता २१ एप्रिल १९८९ ला सरकार बरखास्त झालं, राष्ट्रपती राजवट आली. बोम्मई कोर्टात गेले. ११ मार्च १९९४ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. बहुमत आहे की नाही हे राजभवनातल्या पत्रांवरून ठरवायचं नसतं, ते सभागृहातच ठरतं. आज देशात कुठेही सरकार डळमळलं की बोम्मई हे नाव निघतंच.

मागे वळून बघितलं तर आपल्या अवतीभवती राजे काही कमी नव्हते. बेळगावचं शहापूर सांगली संस्थानात होतं. खाली म्हैसूरने १८८१ मध्येच प्रतिनिधी सभा भरवली, संस्थानांत फार लवकर. पण ती सभा गाऱ्हाणी मांडायची, दिवाण ऐकून घ्यायचा, आणि त्याला खुर्चीवरून खाली ओढण्याची ताकद सभेत नव्हती. सभा आहे म्हणून लोकांचं राज्य आलं, असं होत नाही.

ती ताकद देऊ पाहिली औंधने. ७२ गावांचं हे चिमुकलं संस्थान. त्याची काही गावं विजापूरकडे, आजच्या कर्नाटकात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने २१ जानेवारी १९३९ ला नवी घटना लागू केली. ती घडवण्यात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि बेंगळूरच्या कारखान्यात काम केलेला पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन यांचा मोठा वाटा. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुका समिती, तिथून मध्यवर्ती विधिमंडळ, आणि मंत्री त्या विधिमंडळाला बांधील. इंग्लंडमध्ये ज्या सौद्यासाठी एका राजाचं मुंडकं गेलं आणि दुसरा पळाला, तो इथे एका राजाने स्वतःहून केला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि प्रयोग थांबला. शाळेच्या पुस्तकात त्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळायला हवी होती.

आणि सीमाभाग?

हा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, हे सगळं ठीक आहे, पण आमचं काय? ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगावचे आमदार मुंबईच्या विधिमंडळात बसायचे. दुसऱ्या दिवसापासून म्हैसूर राज्यात. हा बदल संसदेच्या कायद्याने झाला, आणि घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे राज्यांची हद्द बदलायचा अधिकार आजही संसदेलाच आहे. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. म्हणून हलग्यात कितीही ठराव झाले, किंवा नागपुरात झाले, तरी हद्दीची रेषा त्याने एक इंचही सरकत नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो या वाटेला वळसा घालून कायद्याची वैधताच तपासायला सांगतो.

ठराव आणि दावे बाजूला ठेवले तरी सभागृहातली खुर्ची उरतेच. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार निवडून आले होते. २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. गटबाजीचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे, उगाळत बसत नाही. पण प्रश्न विचारणारा माणूस आत नसला की महामेळाव्याला कितीही गर्दी झाली तरी मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागत नाही. आत गेलेल्याला मराठीत बोलता येतं का? घटनेचं २१० वं कलम सांगतं की राज्याच्या विधिमंडळाचं काम राज्यभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालावं, पण ज्या सदस्याला यातल्या कुठल्याच भाषेत नीट बोलता येत नाही, त्याला सभाध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. देऊ शकतात, द्यावीच असं नाही. पण ती मागण्याचा अधिकारही निवडून आलेल्यालाच. बाकीच्यांनी पास काढून गॅलरीत बसायचं, आणि तिथे बोलायला कुठल्याच भाषेत परवानगी नसते.